केस कॉन्फरन्स झाली, आता पुढे काय? ऑन्टॅरिओच्या फॅमिली कोर्टात नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी

झूम बंद झालं आणि स्क्रीनच्या काळ्या काचेत माझा मलाच चेहरा दिसला. कानात अजून जजचा आवाज होता. समोर वहीत तीन ओळी लिहिलेल्या, त्यातली एक अर्धवट. चाळीस मिनिटांत आमच्या बारा वर्षांच्या संसाराबद्दल बोलणं झालं होतं आणि मला एवढंही कळलं नव्हतं की काही ठरलं की नाही. नाशिकहून आईचा फोन आला, "काय गं, निकाल लागला का?" मी म्हणाले, "माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते आहे. मी वकील नाही. माझी केस ऑन्टॅरिओमध्ये, ग्रेटर टोरोंटो भागातल्या एका कोर्टात चालली. कॅनडातल्या दुसऱ्या प्रांतांचे नियम वेगळे आहेत, हे लक्षात असू द्या.

पहिली गोष्ट: केस कॉन्फरन्स म्हणजे जजबरोबरची सुरुवातीची बैठक, निकाल नव्हे. वाद कशाकशाचा आहे, कुठली कागदपत्रं बाकी आहेत, कुठे जमण्यासारखं आहे, हे जज तिथे पाहतात. "मला वाटतं या मुद्द्यावर तुमची बाजू कच्ची आहे" असं ते म्हणाले, तर ते त्यांचं मत आहे, आदेश नाही. मला असंच म्हटलं गेलं आणि मी रात्रभर रडले. नंतर पूर्ण कागद समोर आल्यावर त्याच मुद्द्यावर माझ्या बाजूने तडजोड झाली.

१. त्याच दिवशी आठवेल तेवढं लिहून काढा

जेवायच्या आधी लिहा. कोण काय म्हणालं, कुठल्या तारखा उच्चारल्या गेल्या, समोरच्याने काय द्यायचं कबूल केलं. कॉन्फरन्सचं रेकॉर्डिंग करणं बेकायदा आहे, त्यामुळे फोन चालू ठेवायचा विचारही करू नका. हे टिपण फक्त तुमच्यासाठी किंवा तुमच्या वकिलासाठी आहे. तडजोडीची जी बोलणी तिथे झाली, ती पुढे प्रतिज्ञापत्रात लिहायची नसतात आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकायची नसतात.

२. एंडॉर्समेंट हातात घ्या

जज जे ठरवतात ते एंडॉर्समेंटमध्ये लिहितात. कधी टाईप केलेली पीडीएफ येते, कधी हाताने लिहिलेलं पान. माझं हाताचं होतं. 'disclosure' (पैशांचे कागद समोरच्याला देणं) हा शब्द ओळखायलाच मला दहा मिनिटं लागली. दोन-चार दिवसांत ईमेलवर आली नाही तर कोर्टाच्या ऑफिसकडे केस नंबर देऊन मागा.

ती मिळाली की एक काम करा: तिच्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'कोणी', 'काय', 'कधीपर्यंत' हे तीन रकाने पाडा. मी फ्रीजवर चिकटवलेल्या कॅलेंडरवर माझ्या तारखा लाल पेनाने आणि नवऱ्याच्या तारखा निळ्याने लिहिल्या. केस कॉन्फरन्सनंतरचं जवळजवळ सगळं काम या एका कागदातून निघतं. जो पक्ष दिलेल्या तारखेला दिलेलं काम करून येतो, त्याचं बोलणं पुढच्या वेळी जज नीट ऐकून घेतात. हे मी स्वतः पाहिलं.

दिवस मोजताना एक नियम: मुदत सात दिवसांपेक्षा कमी असेल तर शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत.

आदेश पाळला नाही तर काय होतं? कोर्ट तुमच्यावर समोरच्याचा खर्च बसवू शकतं, तुमची कागदपत्रं काढून टाकू शकतं, पुढे काही मागायलाच मनाई करू शकतं. मुदत पाळणं जमणार नसेल तर मुदत संपायच्या आधी समोरच्या बाजूला लेखी कळवा. संपल्यानंतर नव्हे.

३. ऑर्डर आपोआप तयार होत नाही

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. एंडॉर्समेंट म्हणजे जजची नोंद. शाळेत, बँकेत, पोलिसांना दाखवायची औपचारिक ऑर्डर 'फॉर्म २५' वर वेगळी टाईप करावी लागते, आणि ते काम सहसा ज्याच्या बाजूने आदेश झाला त्या पक्षाचं असतं. मसुदा समोरच्याला पाठवायचा, त्याची मान्यता घ्यायची, मग कोर्टाचा क्लार्क सही-शिक्का करतो. त्या पक्षाने दहा दिवसांत केलं नाही तर दुसरा पक्ष करू शकतो. आदेश मात्र जजने दिला त्या दिवसापासूनच लागू असतो. "कागद अजून आला नाही" ही सबब चालत नाही.

पोटगीचा आदेश असेल तर तो फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटी ऑफिसकडे, म्हणजे एफआरओकडे जातो. ते देणाऱ्याच्या पगारातून पैसे कापून घेऊन तुम्हाला पाठवतात. त्यांची नोंदणी पूर्ण व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात पैसे दिले-घेतले तर रोखीने नको, ई-ट्रान्सफरने, आणि मेसेजमध्ये महिन्याचं नाव घालून.

४. पैशांचे कागद: इथेच सगळे अडकतात

एंडॉर्समेंटमध्ये निम्म्या ओळी बहुधा याच असतात. फक्त पोटगीचा वाद असेल तर आर्थिक विवरणाचा फॉर्म १३, मालमत्तेचाही असेल तर फॉर्म १३.१. त्यासोबत पुरावे जोडून दिल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म १३ए. आणि मालमत्तेच्या वाटणीच्या हिशोबाचा फॉर्म १३बी.

हे जमवून ठेवा:

- मागच्या तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स आणि सीआरएकडून (कॅनडाचं टॅक्स खातं) आलेल्या नोटीस ऑफ असेसमेंट. सीआरएच्या 'माय अकाउंट'मधून मिळतात.
- अलीकडच्या पगारपावत्या. स्वतःचा धंदा असेल तर धंद्याचे हिशोब.
- सगळ्या बँक खात्यांची, क्रेडिट कार्डांची आणि आरआरएसपी (निवृत्तीची बचत), टीएफएसए (करमुक्त बचत), आरईएसपी (मुलांच्या शिक्षणाची बचत) या खात्यांची स्टेटमेंट्स. लग्नाच्या दिवशीची, वेगळे झालात त्या दिवशीची आणि आजची.
- घराचं मॉर्गेज स्टेटमेंट आणि किमतीचा अंदाज.
- डे-केअर, औषधं, दात, शिकवण्या, पोहण्याचा क्लास यांच्या पावत्या.
- लग्नाचा दाखला.
- भारतातल्या सगळ्या मालमत्तेचे कागद.

शेवटच्या ओळीवर जरा थांबते, कारण आपल्या लोकांची गाडी तिथेच रुतते.

ऑन्टॅरिओच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली मालमत्ता. पुण्यातला फ्लॅट, पोस्टातली पीपीएफ, जुन्या नोकरीचा पीएफ, सहकारी बँकेतली एफडी, लॉकरमधलं सोनं, सगळं फॉर्ममध्ये यायला हवं. "तिकडचं इकडे कशाला सांगायचं?" हा सल्ला मला तीन जणांनी दिला, तिघेही चांगल्या मनाचे. कृपा करून ऐकू नका. लपवलेली एक एफडी सापडली की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही जज विश्वास ठेवत नाहीत.

आणि सांगितलं म्हणजे वाटलं गेलं, असं नाही. वाटणी होते ती लग्नापासून वेगळं होईपर्यंत वाढलेल्या मूल्याची. लग्नाच्या दिवशी तुमच्याकडे जे होतं त्याची किंमत वजा होते (राहत्या घराला मात्र वेगळा नियम आहे). लग्नानंतर तिसऱ्या माणसाकडून भेट म्हणून किंवा वारशाने मिळालेलं आणि वेगळं ओळखू येईल असं ठेवलेलं, ते बाहेर राहतं. म्हणजे माहेरहून आलेल्या पाटल्या लॉकरमध्ये तशाच असतील तर त्या दाखवायच्या आणि 'वगळलेल्या' रकान्यात मांडायच्या. पण वडिलांकडून वारशाने आलेले पैसे इथल्या राहत्या घरात घातले असतील तर ती सूट सहसा जाते. हा मुद्दा वकिलाला विचारल्याशिवाय सोडू नका. सोन्याचं बिल नसेल तर लग्नातले फोटो आणि सोनाराची आजची वजनपावती उपयोगी पडते.

जमिनीचं आणखी निराळं. वडील हयात आहेत आणि शेत त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, तर ते तुमचं नाही. पण सातबाऱ्यावर भावांबरोबर तुमचंही नाव चढलेलं असेल तर ते सांगायलाच हवं. माझ्या काकांनी रात्री व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला. कागद मधे दुमडलेला, एका कोपऱ्यावर त्यांचा अंगठा, आणि गट नंबरच्या नेमका वर ट्यूबलाईटचा पांढरा पट्टा. असला फोटो कोर्टात चालत नाही. महाभूमीच्या वेबसाइटवर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो घ्या. फेरफारही काढा, नाव कधी आणि कसं लागलं ते त्यातूनच कळतं.

इथल्या कोर्टाची भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी कागदासोबत भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. घरच्याच माणसाने केलेल्या भाषांतरावर समोरचा वकील बोट ठेवतो, म्हणून बाहेरच्या, प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घ्या. रुपयांचे डॉलर करताना कुठल्या तारखेचा दर धरला ते लिहा. आणि तिकडच्या बँकेला, तलाठ्याला फोन करायचा तर उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. माझे सगळे फोन रात्री अकरानंतर झाले. या कागदांना तीन आठवडे सहज जातात, तेव्हा एंडॉर्समेंट आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करा.

समोरच्याने कागद दिले नाहीत तर आधी लेखी मागणी करा, त्यासाठी फॉर्म २० आहे. तरीही नाही दिले तर कोर्टाकडे जाता येतं. तुमची लेखी मागणी हाच तिथे पुरावा.

इथे एक सापळाही सांगते. 'रिक्वेस्ट टू ॲडमिट', फॉर्म २२, असा कागद समोरून आला तर बाजूला ठेवू नका. २० दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्यात लिहिलेल्या गोष्टी तुम्ही मान्य केल्या असं धरलं जातं.

५. मुलांचं

१ मार्च २०२१ पासून कॅनडाच्या घटस्फोट कायद्यातून 'कस्टडी' आणि 'ॲक्सेस' हे शब्द गेले. आता मुलांचे मोठे निर्णय कोण घेणार आणि मूल कुणाकडे किती वेळ राहणार, अशा दोन वेगळ्या प्रश्नांत विचार होतो. आपल्याकडे 'ताबा' म्हणतात, पण तो शब्द डोक्यात ठेवून बोललात तर भांडण उगाच वाढतं.

कॉन्फरन्समध्ये जजनी ऑफिस ऑफ द चिल्ड्रन्स लॉयरला, म्हणजे मुलांची बाजू पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला, बोलवायचं ठरवलं असेल, तर आई आणि वडील दोघांनी आपापला इनटेक फॉर्म १४ दिवसांत भरून पाठवायचा असतो. हा फॉर्म लांबलचक आहे. शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. त्या ऑफिसने केस घेतलीच पाहिजे असं नाही, पण घेतली तर मुलाशी त्यांचा माणूस स्वतंत्रपणे बोलतो. मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मी एवढंच सांगितलं, "तुला जे वाटतं ते सांग, आई-बाबा दोघंही रागावणार नाहीत." तेवढं बोलतानाही माझा आवाज नीट निघत नव्हता.

भारतप्रवास हा आपल्या घरांतला मोठा प्रश्न. मुलांच्या अपहरणाबाबतच्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे 'मूल तिकडे नेलं आणि परत आणलंच नाही तर?' ही भीती इथली कोर्टं गांभीर्याने घेतात. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड कुणाकडे राहणार, परतीचं तिकीट आधी दाखवायचं का, आजीच्या घरचा पत्ता-फोन द्यायचा का, किती दिवस आधी कळवायचं, हे सगळं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर बोलणी काही महिने आधी सुरू करा. तिकीट काढून मग परवानगी मागणं, ही चूक करू नका.

६. आता मोशन करता येते

केस कॉन्फरन्स होईपर्यंत, तातडीचं किंवा फारच अडचणीचं कारण नसेल तर, तात्पुरत्या आदेशासाठी अर्ज, म्हणजे मोशन, करता येत नाही. ती झाली की दार उघडतं. तात्पुरती पोटगी, मुलांच्या वेळा, कागद न देणाऱ्याविरुद्ध आदेश, हे मोशनने मागता येतं: फॉर्म १४ ची नोटीस आणि फॉर्म १४ए चं प्रतिज्ञापत्र. दोघांचंही एकमत असलेल्या किंवा निव्वळ प्रक्रियेच्या गोष्टींसाठी फॉर्म १४बी पुरतो, त्यासाठी हजर राहावं लागत नाही.

प्रतिज्ञापत्रात जे तुम्ही स्वतः पाहिलं, ऐकलं, दिलं, घेतलं ते तारखेसह लिहा. "तो नेहमीच असं करतो" या वाक्याचा उपयोग शून्य. "१४ मे रोजी संध्याकाळी सहाला मुलीला आणायला आला नाही, सोबत मेसेज जोडला आहे" हे उपयोगाचं. मोशन हरलात तर समोरच्याचा खर्च द्यावा लागू शकतो, म्हणून प्रत्येक रागाची मोशन करू नका.

घरात मारहाण, धमक्या, पाळत असं काही असेल तर हा क्रम विसरा. तातडीची मोशन कधीही करता येते, आणि संरक्षण आदेश मोडला तर पोलीस अटक करू शकतात. नवऱ्याने स्पॉन्सर केलं म्हणून पीआर (कॅनडात कायम राहण्याचा हक्क) जाईल, या भीतीने गप्प बसलेल्या बायका मला भेटल्या आहेत. वेगळं झालं म्हणून मिळालेली पीआर जात नाही. दोन वर्षं एकत्र राहण्याची जुनी अट एप्रिल २०१७ मध्येच काढून टाकली आहे.

७. तडजोडीचा लेखी प्रस्ताव द्या

कागद आले की प्रस्ताव लिहायचा. सही हवी, तारीख हवी, आणि मुद्दे सुटे हवेत, म्हणजे समोरचा पोटगी मान्य करून घराबद्दल बोलणी चालू ठेवू शकेल. प्रस्ताव नाकारला आणि पुढे कोर्टाने तेवढंच किंवा तुम्हाला जास्त दिलं, तर खर्चाच्या हिशोबात तुमची बाजू खूप भक्कम होते. म्हणून प्रस्ताव खरा करा, बाजारातली घासाघीस नको.

कोर्टाशी जोडलेली मध्यस्थीची सेवाही आहे. कोर्टातल्या कोर्टात झाली तर फुकट, बाहेर बसून केली तर उत्पन्नानुसार फी. ओळखीतल्या काका-मामांची बैठक आणि ही मध्यस्थी यांत फरक आहे: इथला मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो. ठरलं तर ते लेखी, दोघांच्या सह्या आणि साक्षीदारासह करा, आणि सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाला एकदा दाखवा.

८. सेटलमेंट कॉन्फरन्स आणि तिच्या पुढे

जमलं नाही तर पुढची पायरी सेटलमेंट कॉन्फरन्स. तिचं टिपण फॉर्म १७सी वर. इथे जज आकड्यांबद्दल जास्त स्पष्ट बोलतात, कारण सेटलमेंट कॉन्फरन्स घेतलेल्या जजसमोर त्याच मुद्द्याचा खटला सहसा चालत नाही. आर्थिक विवरण जुनं झालं असेल तर ताजं करून द्या. आणि फॉर्म १७एफ ने हजेरीची पुष्टी वेळेत पाठवा. ती नसेल तर तारीख जाऊ शकते.

ऑनलाइन पोर्टलवर कागद फाइल करणं आणि जज उघडतात त्या केस सेंटरवर तेच कागद चढवणं या अनेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिलं केलं, दुसरं राहिलं. जज म्हणाले, "माझ्यासमोर तुमचं काहीच नाही." तुमच्या कोर्टात कुठली पद्धत आहे ते काउंटरवर आधीच विचारा.

तिथेही नाही जमलं तर ट्रायलच्या तयारीची कॉन्फरन्स, आणि मग ट्रायल. बहुतेक केसेस त्याआधीच मिटतात. आमचीही मिटली.

९. केस झोपू देऊ नका

३६५ दिवसांत केस मिटली नाही किंवा ट्रायलला लागली नाही, तर केस काढून टाकण्याची पूर्वसूचना कोर्टाकडून येऊ शकते. ती आल्यावर ६० दिवसांत हालचाल करावी लागते. पत्ता किंवा ईमेल बदलला असेल तर कोर्टाला कळवलेला असू द्या, नाहीतर पत्र जुन्या घरी पडून राहतं.

याच काळात एक काम कोर्टाबाहेरचं: वेगळे होऊन ९० दिवस झाले की सीआरएला कळवा. मुलांचा भत्ता तुमच्या एकट्याच्या उत्पन्नावर नव्याने मोजला जातो. बऱ्याच जणींना इथे वाढीव पैसे मिळतात आणि त्यांना ते माहीतच नसतं.

मदत कुठे

प्रत्येक फॅमिली कोर्टात फॅमिली लॉ इन्फर्मेशन सेंटर असतं, फॉर्म आणि माहिती फुकट. लीगल एड ऑन्टॅरिओचा नंबर १-८००-६६८-८२५८. उत्पन्न कमी असेल तर कोर्टातला ड्युटी काउन्सल (लीगल एडचा वकील) त्या दिवशीपुरती मदत करतो. लॉ सोसायटीच्या (वकिलांची नियामक संस्था) रेफरल सेवेतून वकिलाचा पहिला अर्धा तास फुकट मिळतो. त्याआधी प्रश्न कागदावर लिहून ठेवा, अर्धा तास फार पटकन जातो. दुभाषा हवा असेल तर पुढच्या तारखेच्या बराच आधी मागा. मुलांना दुभाषा करू नका.

१०. घटस्फोटाचा कागद

सगळं मिटलं तरी घटस्फोट वेगळा काढावा लागतो. एक वर्ष वेगळं राहिल्याचं बहुतेक वेळा पुरेसं कारण असतं. आदेशानंतर ३१व्या दिवशी घटस्फोट लागू होतो, त्याआधी पुन्हा लग्न करता येत नाही. आणि घटस्फोट आधी घेऊन मालमत्तेचं 'नंतर बघू' म्हणत असाल तर सावध: मालमत्तेच्या वाटणीचा दावा घटस्फोटानंतर दोन वर्षांत किंवा वेगळं झाल्यापासून सहा वर्षांत, यांपैकी जे आधी येईल तेवढ्यातच करता येतो.

३१ दिवस झाल्यावर कोर्टाकडे 'सर्टिफिकेट ऑफ डिव्होर्स' मागायचं. ते आपणहून घरी येत नाही. मी सर्टिफिकेट आणि ऑर्डर दोन्हींच्या शिक्क्याच्या जादा प्रती घेतल्या: एक पासपोर्टच्या कामासाठी, एक बँकेसाठी, आणि एक नाशिकला आईच्या कपाटात, लग्नाच्या दाखल्याच्याच प्लास्टिकच्या पिशवीत.